बेर्निनाची आगगाडी आणि सरहद्दीपलीकडचा हिमोत्सव

स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातील सेंट मॉरिट्झ या गावाहून निघून, बेर्निना खिंड ओलांडून, इटलीच्या मुलखातील तिरानो या गावी जाऊन थांबणारी ६१ किलोमीटरांची मीटरगेज आगगाडी युरोपातील हौशी प्रवाशांच्या चांगल्या परिचयाची आहे. तथापि ६ ते २२ फेब्रुवारी २०२६ हा काळ ज्यांच्यासाठी मुक्रर झाला त्या मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या आल्पाइन स्कीइंगच्या शर्यती तिरानोच्या वरच्या अंगाला असलेल्या बोर्मियो येथे, आणि स्नोबोर्ड व फ्रीस्टाइल स्कीइंगच्या स्पर्धा तेथून आणखी आत असलेल्या लिविन्यो येथे नेमण्यात आल्यामुळे, एरवी केवळ सृष्टिसौंदर्यासाठी नावाजलेल्या या लोहमार्गाला क्रीडारसिकांच्या राजमार्गाचे महत्त्व आले. झुरिक किंवा खूर येथून येणाऱ्या प्रेक्षकाने गाडीत बसून आल्प्स पर्वत ओलांडावा आणि तिरानोस उतरून पुढच्या बसची चौकशी करावी, असा हा सरळ क्रम. त्यात सरहद्द ओलांडावी लागते हे उघडच आहे. पण ती नेमकी कोठे ओलांडली, असे कोणी त्या प्रवाशाला विचारले तर त्याला क्षणभर विचारच करावा लागेल. राजकीय सरहद्द काम्पोकोलोन्यो हे स्विस गाव आणि तिरानो यांच्या दरम्यान आहे खरी, परंतु पाणी, भाषा, वीज, रूळ आणि नाणे यांच्या सरहद्दी त्या रेघेशी मुळीच जुळत नाहीत. त्यांतल्या काही तिच्या कितीतरी आधी लागतात, तर एक तिच्यानंतर, गाडी थांबल्यावर लागते.

प्रथम हे सेंट मॉरिट्झ. समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर वसलेले हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उन्हाळ्यात औषधी झऱ्याचे पाणी पिण्यास येणाऱ्या श्रीमंतांचे विश्रांतिस्थान होते आणि हिवाळा लागला की येथील खाणावळी बंद होत. १८६४ साली योहानेस बाद्रुट नावाच्या खाणावळवाल्याने आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज मारली, की तुम्ही हिवाळ्यात येऊन पाहा, ऊन न मिळाल्यास प्रवासखर्च माझ्याकडे लागला, अशी कथा सांगतात. कथेतला तपशील खरा असो वा रचलेला, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तेथे हिवाळी पाहुण्यांची रीघ लागली आणि निरुद्योगी श्रीमंतीला जे सुचते ते त्यांनाही सुचले, म्हणजे बर्फाच्या उतारावरून घसरण्याच्या शर्यती सुरू झाल्या. क्रेस्टा नामक बर्फाची घसरण १८८४-८५ च्या हिवाळ्यात प्रथम रचली गेली. डोके पुढे, पाय मागे आणि हनुवटी बर्फापासून वीतभर अंतरावर, अशा अवस्थेत लहानशा घसरगाडीवर पालथे पडून ती उतरावयाची असते. १९०४ साली बॉबस्लेची घसरण तयार झाली आणि त्याच वर्षी खूरच्या बाजूने येणारी आल्बुला मार्गाची आगगाडीही गावात पोहोचली. या दोन गोष्टी एका वर्षी घडल्या यात कार्यकारणभाव शोधण्याचे प्रयोजन नाही. पण आगगाडी नसती तर या उंचीवरच्या गावाला १९२८ आणि १९४८ अशी दोन वेळा हिवाळी ऑलिंपिकचे यजमानपद पेलता आले नसते, एवढे निश्चितपणे म्हणता येते. १९२८ च्या सामन्यांत मध्येच दक्षिणेकडील उष्ण वारा सुटून बर्फ असे वितळू लागले की दहा हजार मीटर स्केटिंगची शर्यत अर्ध्यावर सोडून द्यावी लागली. निसर्गावर भिस्त ठेवून भरविलेल्या खेळांत हा धोका तेव्हाही होता.

सेंट मॉरिट्झपासून दक्षिणेकडे उतरणारा बेर्निना मार्ग टप्प्याटप्प्याने बांधला जाऊन ५ जुलै १९१० रोजी संपूर्ण खुला झाला. तो बांधणाऱ्या कंपनीची प्रेरणा प्रवासी जितके होते तितकीच वीजही होती. पोस्कियावो सरोवराच्या पाण्यावर चालणारे ब्रूसियो कंपनीचे काम्पोकोलोन्यो येथील विद्युत्केंद्र त्याच दशकात उभे राहिले होते, त्याची वीज सरहद्दीपलीकडे लोंबार्दीच्या कारखान्यांना विकली जात होती, आणि हाताशी एवढी वीज असताना कोळसा जाळणारे इंजिन घाटात चढविण्याचे कारण कोणालाच दिसत नव्हते. त्यामुळे हा मार्ग पहिल्या दिवसापासून विजेवर चालला. आणि त्याच्या चढाचे रहस्यही या विजेतच आहे.

हा चढ किती आहे, हे महाराष्ट्रातील वाचकाला आपल्या घाटांवरून चटकन उमगेल. बोरघाटातील तीव्रतम चढ ३७ फुटांस एक फूट आहे. बेर्निना मार्ग बांधला जात होता त्याच सुमारास, १९०७ साली, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने पुरी केलेली नेरळ-माथेरानची छोटी गाडी २० फुटांस एक फूट चढते. आणि बेर्निनाची गाडी सुमारे १४ फुटांस एक फूट, म्हणजे दर हजार मीटरांमागे ७० मीटर चढते. एवढ्या चढावर स्वित्झर्लंडमध्ये इतरत्र दोन रुळांच्या मधोमध तिसरा दातेरी रूळ घालतात आणि इंजिनाखालचे दातेरी चाक त्यात अडकवून गाडी वर ओढतात. बेर्निनावर असा रूळ कोठेही नाही. पोलादी रुळावर पोलादी चाक स्वभावतःच घसरते, आणि ते घसरू नये म्हणून दोन गोष्टी लागतात : एक म्हणजे चालक चाकांवर पुरेसा भार, आणि दुसरी म्हणजे त्या चाकांना मिळणारी एकसारखी, हिसके न देणारी ओढ. वाफेच्या इंजिनात दट्ट्या पुढेमागे होत असल्यामुळे ओढ कमीअधिक होते आणि नेमक्या जोराच्या क्षणी चाक जागच्या जागी फिरू लागते. विद्युत् मोटरीची ओढ मात्र अखंड असते. शिवाय मोटरी उतारूंच्या डब्याखालीच बसविल्या की माणसांचे आणि सामानाचे ओझेही चाकांना रुळावर दाबून धरण्याच्या कामी येते. जे वजन इतरत्र केवळ ओझे ठरते ते येथे उपयोगी पडते. उतरताना याच मोटरी जनित्राचे काम करतात आणि गाडीच्या वेगाचे रूपांतर विजेत करतात. जुन्या डब्यांत ही वीज छपरावरील रोधकांत उष्णता होऊन हवेत विरून जाई, नव्यांत ती तारेत परत सोडता येते. यावरही भागले नाही, तर रुळाला चिकटणारे चुंबकी ब्रेक आहेतच.

मार्गाचा कमाल उतार असा ठरून गेल्यावर उंची कमी करण्यासाठी अंतर वाढविणे हा एकच उपाय उरतो, आणि अंतर वाढविण्यासाठी डोंगराच्या अंगावरून सारखी वळणे घ्यावी लागतात. वळणाची त्रिज्या काही ठिकाणी अवघी ४५ मीटर आहे. ब्रॉडगेजच्या लांब डब्यांना असे वळण घेता येणे शक्यच नव्हते, म्हणून येथे मीटरगेजची योजना झाली, आणि या निर्णयाचा परिणाम पुढे तिरानोच्या फलाटावर आपल्याला भेटणार आहे.

आरंभीच्या हिवाळ्यांत खिंडीतला भाग बंद राही. बेर्निना कंपनीने बर्फ उडविणारी दोन यंत्रे विंटरथूरच्या कारखान्यातून घेतली, एक १९१० साली व दुसरे १९१२ साली, आणि १९१३-१४ च्या हिवाळ्यापासून गाडी बारमाही धावू लागली. ही यंत्रे मुद्दाम वाफेची होती, कारण विजेची तार बर्फाने तुटली तर विजेवरचे यंत्र ऐन कामाच्या वेळी जागीच अडकून पडेल. पुढच्या तोंडाशी फिरणारे प्रचंड चक्र बर्फ कापून शेजारच्या दरीत भिरकावते आणि त्याच बाष्पकातील वाफेवर यंत्र स्वतः पुढेही सरकते. त्यांतले एक अद्याप चालत्या अवस्थेत जपून ठेवले असून हौशी लोकांसाठी कधीमधी बाहेर काढतात. कंपनी स्वतः मात्र पैशाच्या ओढग्रस्तीतून कधीच सुटली नाही, आणि शेवटी १९४३ साली ती आल्बुला मार्ग चालविणाऱ्या रेशियन रेल्वेत विलीन झाली. तरीही वीज वेगळीच राहिली. आल्बुला मार्गावर ११,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह, तर बेर्निनावर १,००० व्होल्टचा एकदिश प्रवाह. म्हणजे पहिली सरहद्द एकाच कंपनीच्या पोटात, स्वित्झर्लंडच्या हद्दीत, एकाच तारेच्या दोन टोकांत होती. २०१० पासून धावू लागलेल्या नव्या गाड्या दोन्ही प्रवाहांवर चालतात, म्हणून प्रवाशाला तिची जाणीव आता होत नाही.

दुसरी सरहद्द खिंडीच्या माथ्यावर, २,२५३ मीटर उंचीवरील ओस्पित्सियो बेर्निना या स्थानकाच्या जवळ लागते, आणि ती पाण्याची आहे. येथे लोहमार्गालगत दोन सरोवरे जवळजवळ खेटून आहेत : लहानशा लेय नाइर, म्हणजे काळ्या सरोवराचे पाणी उत्तरेस वाहून इन नदीत, तेथून डॅन्यूबमध्ये आणि शेवटी काळ्या समुद्रास जाते, लागो ब्यांको, म्हणजे पांढऱ्या सरोवराचे पाणी दक्षिणेस पोस्कियाविनो, अद्दा आणि पो या नद्यांच्या वाटेने एड्रियाटिक समुद्रास मिळते. हिवाळ्यात दोन्ही गोठून पांढरी होतात आणि नावांतील काळ्यागोऱ्याचा भेद लोपतो. भाषेचीही सीमा येथेच आहे. खिंडीच्या उत्तरेस रोमान्श आणि जर्मन, दक्षिणेस इटालियन. आल्प ग्र्यूम स्थानकापासून खाली पाहिले म्हणजे पोस्कियावोचे सबंध खोरे हजारभर मीटर खोल पसरलेले दिसते. ते अजून स्वित्झर्लंडच आहे, परंतु तेथल्या पाट्या, चर्चमधील प्रार्थना, दुकानांतले बोलणे आणि स्वयंपाकघरातले जेवण ही सारी इटालियन वळणाची आहेत. पित्सोक्केरी म्हणून कुट्टूच्या पिठाच्या जाड पट्ट्या करतात, त्या बटाटा आणि कोबी यांच्यासह उकडून वर खिसलेले चीज आणि लसणीचे तापलेले लोणी ओततात. हा पदार्थ मुळात सरहद्दीपलीकडील वाल्तेल्लीना खोऱ्याचा, पण अलीकडच्या गावांतही तो घरचाच मानला जातो.

याचे कारण असे की ही राजकीय सरहद्द तशी अर्वाचीन आहे. तिरानो, बोर्मियो आणि सारे वाल्तेल्लीना १५१२ पासून १७९७ पर्यंत ग्राउब्युंडनच्या, म्हणजे सेंट मॉरिट्झ ज्यात येते त्या प्रांताच्या, तीन संघांच्या अंमलाखाली होते. वरिष्ठ कारभारी उत्तरेकडून येत, महसूल उत्तरेकडे जाई, आणि खोऱ्यातली द्राक्षाची दारू पिंपांत भरून खेचरांच्या पाठीवरून बेर्निना खिंडीतून सेंट मॉरिट्झच्या एंगादीन खोऱ्यात उतरे. हा अंमल सुखाचा मात्र नव्हता. राज्यकर्त्यांत प्रॉटेस्टंटांचा भरणा आणि रयत कॅथॉलिक, अशा स्थितीत १६२० च्या जुलैत तिरानोत उठाव होऊन खोऱ्यातील प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली. पोस्कियावोत तर त्यापूर्वीच, सोळाव्या शतकाच्या मध्यास, लांदोल्फी या मुद्रकाच्या छापखान्यात प्रॉटेस्टंट सुधारकांची पुस्तके इटालियन भाषेत छापली जाऊन चोरवाटेने दक्षिणेकडे जात होती. १७९७ साली नेपोलियनने वाल्तेल्लीना आपल्या नव्या सिसाल्पाइन प्रजासत्ताकास जोडून टाकले, १८१५ च्या व्हिएन्नाच्या तहात ते ऑस्ट्रियाच्या वाट्यास गेले, आणि पोस्कियावो तेवढे मागे उरले. राज्य गेले तरी दारूची गोडी काही गेली नाही. ग्राउब्युंडनमधील लोक वाल्तेल्लीनाच्या दारूस आजही आपल्या गावची दारू समजतात.

सरहद्द आखली म्हणजे तिच्या पाठोपाठ जकात येते, आणि जकात आली की चोरटा व्यापार. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत कॉफी आणि सिगारेटवर भारी कर असल्यामुळे ब्रूसियो आणि काम्पोकोलोन्यो या चिमुकल्या स्विस गावांत कॉफी भाजण्याचे कारखाने निघाले, आणि रात्री पाठीवर सुमारे तीस किलोंचे तागाचे गाठोडे बांधलेली, पावलांचा आवाज होऊ नये म्हणून जोड्यांवर गोणपाट गुंडाळलेली माणसे डोंगरातून पलीकडे उतरू लागली. गंमत अशी की स्विस कायद्याच्या दृष्टीने यात काहीच गैर नव्हते. माल देशाबाहेर जाताना त्याची रीतसर नोंद होई, गुन्हा घडे तो इटलीच्या मातीवर पाऊल पडल्यावर. किमतींतली तफावत घटू लागली तसा सत्तरीच्या दशकात हा धंदा बसला.

ब्रूसियोपाशी दरी इतकी अरुंद होते की वळसे घ्यावयासही जागा उरत नाही. तेथे अभियंत्यांनी नऊ कमानींचा एक वर्तुळाकार पूल उघड्या मैदानात उभारला आहे. गाडी त्यावर चढून पूर्ण फेरी घेते आणि शेवटी आपल्याच पुलाच्या एका कमानीखालून निघते. पुलाची लांबी ११० मीटर, त्रिज्या ७० मीटर, आणि त्यावरही तोच हजारी ७० चा उतार. खिडकीतून पाहणाऱ्याला आपल्याच गाडीचे मागचे डबे वरून येताना दिसतात. पुढे काम्पोकोलोन्यो हे शेवटचे स्विस स्थानक, आणि त्यानंतर राजकीय सरहद्द, जी बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. १२ डिसेंबर २००८ पासून स्वित्झर्लंड शेंगेन व्यवस्थेत सामील झाल्यामुळे पारपत्रांची नियमित तपासणी उठली. भारतीय प्रवाशालाही एकाच परवान्यावर हा सबंध प्रवास करता येतो. परंतु स्वित्झर्लंड युरोपीय संघाचे सभासद नाही, म्हणून मालावरची जकात कायम आहे आणि तिरानोच्या स्थानकात तिचे अधिकारी कोणाचीही पिशवी उघडून पाहू शकतात. त्याच २००८ सालच्या जुलैत युनेस्कोने आल्बुला आणि बेर्निना या दोन्ही मार्गांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या संयुक्त नावाने.

तिरानोत शिरताना गाडी रस्त्यावरूनच धावते. १५०४ साली मरियेने दर्शन दिल्याच्या श्रद्धेतून उभ्या राहिलेल्या भव्य बॅसिलिकेच्या अंगणाला जवळजवळ चाटून ती जाते तेव्हा मोटारी थबकतात, सायकलवाले पाय टेकतात आणि नवखे प्रवासी छायाचित्रांसाठी खिडक्यांवर गर्दी करतात. गावकऱ्यांना यात पाहण्याजोगे काही वाटत नाही. मग स्थानक, ४२९ मीटर उंचीवर. आणि खरी, पावलांना जाणवणारी सरहद्द येथे आहे. शेजारी शेजारी दोन स्थानके, एक स्विस आणि एक इटालियन. एकीकडे मीटरभर अंतराचे रूळ आणि १,००० व्होल्ट, दुसरीकडे १,४३५ मिलिमीटरांचे रूळ आणि ३,००० व्होल्ट. एकीकडे फ्रँक, दुसरीकडे युरो. कोणत्याही तहाने किंवा करारनाम्याने ही दोन जाळी जोडता येणार नाहीत. उतारूला सामान उचलून भुयारी वाटेने पलीकडे जावेच लागते. पलीकडून मिलानकडे जाणाऱ्या या इटालियन मार्गालाही विद्युत् इतिहासात मानाचे स्थान आहे, कारण लेक्को ते सोन्द्रियो हा त्याचा भाग १९०२ साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील काल्मान कान्दो या अभियंत्याने उच्च दाबाच्या त्रिकला प्रवाहावर चालविला, आणि मुख्य लोहमार्गावर असा प्रयोग जगात तोवर झाला नव्हता.

तिरानोहून अद्दा नदीच्या काठाने थोडे खाली गेले की ब्यान्त्सोने हे गाव लागते. १९२२ साली येथे जन्मलेल्या नीनो बिब्बिया याचे कुटुंब सरहद्द ओलांडून सेंट मॉरिट्झला गेले आणि तेथे फळेभाज्यांचा व्यवसाय करू लागले. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये हा भाजीविक्या तरुण क्रेस्टाच्या घसरणीवर स्केलेटनच्या, म्हणजे त्याच पालथे पडून घसरण्याच्या, शर्यतीत उतरला, आणि १९२८ साली त्याच घसरणीवर रौप्यपदक मिळविलेल्या जॉन हीटन या अमेरिकन धनिकास मागे टाकून त्याने सुवर्णपदक जिंकले. हीटनच्या नशिबी वीस वर्षांनी पुन्हा रौप्यच आले. इटलीचे हिवाळी ऑलिंपिकमधले ते पहिले सुवर्ण. म्हणजे इटलीच्या मुलाने स्वित्झर्लंडच्या बर्फावर, स्वित्झर्लंडच्या पाहुण्यांसाठी रचलेल्या खेळात, इटलीच्या नावे पदक मिळविले. मला तर या सबंध मार्गाच्या इतिहासात यापेक्षा अधिक बोलके माणूस दिसत नाही.

तिरानोपुढे बोर्मियोकडे रूळ नाहीत. सुमारे ४० किलोमीटर बसने जावे लागते. तेथील स्तेल्वियो नामक उतार स्कीपटूंत कठोर म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचा आरंभ सुमारे २,२५५ मीटर उंचीवर होतो, म्हणजे बेर्निना खिंडीतल्या स्थानकाच्या जवळपास त्याच उंचीवर, आणि शेवट सुमारे हजार मीटर खाली. बेर्निनाची गाडी माथ्यापासून तिरानोपर्यंत १,८०० मीटर उतरावयास ३८ किलोमीटर आणि तासाहून अधिक वेळ घेते. स्कीपटू ते हजार मीटर दोन मिनिटांच्या आत संपवतो. स्की-माउंटनिअरिंग, म्हणजे स्कीवर डोंगर आधी चढावयाचा आणि मग उतरावयाचा, हा नवा ऑलिंपिक प्रकारही बोर्मियोलाच दाखल झाला. लिविन्योची कथा याहून चमत्कारिक आहे. ते गाव इटलीत असूनही त्याचे पाणी उत्तरेस इन नदीला मिळते, नेपोलियनच्या काळापासून त्याला जकातीची सूट आहे, आणि बेर्निना खिंडीपासून ते अगदी जवळ असले तरी मधला फोर्कोला घाट हिवाळ्यात बर्फामुळे बंद राहतो. म्हणून आगगाडीने आलेल्या प्रेक्षकाला ते गाव जवळजवळ शेजारून मागे टाकून तिरानो आणि बोर्मियो असा लांबचा वळसा घ्यावा लागतो.

२०२६ च्या सामन्यांतला एक भाग तर स्वतःच सरहद्द ओलांडण्याच्या बेतात होता. कोर्तिनाची जुनी बॉबस्ले घसरण २००८ साली बंद पडली होती आणि नवी बांधण्याचा खर्च पाहून, असलेल्या परदेशी घसरणीवरच स्पर्धा घ्याव्यात असा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा आग्रह होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये समितीचे अधिवेशन मुंबईत भरले असता तेथेच इटलीच्या प्रतिनिधीने नवी घसरण बांधण्याचा बेत सोडून दिल्याचे जाहीर केले, आणि सेंट मॉरिट्झ व ऑस्ट्रियातील इग्ल्स ही नावे पुढे आली. परंतु घरचे सामने घरीच व्हावेत असा आग्रह इटलीत धरला गेला, पुढच्या काही महिन्यांत निर्णय फिरला, फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्तिनात काम सुरू झाले आणि मार्च २०२५ मध्ये नव्या घसरणीवर पहिल्या चाचण्या झाल्या. सेंट मॉरिट्झची घसरण, काँक्रीट किंवा शीतयंत्रे नसलेली, निव्वळ बर्फ आणि पाणी यांची, आपल्या जागी राहिली. ती १,७२२ मीटर लांब आहे, वसंतात वितळून जाते आणि दर हिवाळ्यात सुमारे तीन आठवड्यांत नव्याने घडवावी लागते. फावडी घेऊन ती घडविणारे कारागीर दरवर्षी दक्षिण टिरोलमधून, म्हणजे इटलीतून येतात.